हसणाऱ्याचं काम

३ मार्च

मामा,

फोनवर तू "काय? कोण? जेवलीस का?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणालास आणि ठेवून दिलास, म्हणून हे पत्र. मामीच्या मोबाइलवर निरोप पाठवला असता, पण तो आधी मामी वाचणार, मग शेजारीण वाचणार आणि तुझ्यापर्यंत येईस्तोवर माझं लग्न ठरलेलं असणार. त्यापेक्षा कागद बरा.

बातमी अशी की नवा सिनेमा ठरला. लिहून झालाय. उंच, अंधारा जिना असलेली एक इमारत मिळाली आहे. माणसं तीच: कॅमेरावाली, आवाजवाला, एडिटर आणि नाश्त्यापासून लाइटपर्यंत सगळं बघणारी मी. आमच्या या टोळीच्या मागे कुठली कंपनी नाही, कोणी विचारणारं नाही, त्यामुळे पाहिजे ते करता येतं. आणि या वेळी मला विनोदी करायचं नाहीये. मधूनमधून हलकंफुलकं, असंही नाही. हा सिनेमा काळोखाचा आहे.

त्यामुळे यात तुला काम नाही. तिन्ही सिनेमे तुझ्या जिवावर झाले, हे मी कधी विसरणार नाही. पण आता जरा आराम कर. दुकान लवकर बंद करत जा. जिने चढू नकोस. मामीला सांग, मी लवकरच येऊन जाईन.

तुझी
खारूताई


११ मार्च

खारूताई,

आशीर्वाद आहेतच, काम मिळो न मिळो.

तुझं पत्र दुकानात वाचलं. एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवत होतो. "यात तुला काम नाही" या ओळीपाशी आलो आणि हातातला स्क्रू निसटला. तो केवढा असतो तुला माहीत आहे. मग त्या बाई आणि मी, दोघंही फरशीवर ओणवे. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना आणि माझे गुडघे एकदा खाली गेले की वर यायचं नाव घेत नाहीत. बाई म्हणाल्या, "हेसुद्धा सिनेमात घाला हो!" आणि फरशीवरच हसत बसल्या. त्यांना काय सांगू, की सिनेमातून माझंच नाव कापलंय?

खरं सांग, माझे कान ना? मागच्या वेळी तू "कट" म्हणालीस आणि मी पुढे बोलतच राहिलो होतो. नवीन यंत्र घेतलंय मी. अधूनमधून शिट्टी मारतं, पण ऐकू येतं. आणि काळोखाचा सिनेमा मला जमणार नाही, असं तुला कोणी सांगितलं? परवा आरशासमोर दुःखी चेहऱ्याचा सराव केला. मागे गिऱ्हाईक उभं होतं. घाबरून म्हणालं, "माझा नंबर एवढा वाढलाय का?"

बाजारातली गंमत सांगतो. भाजीवाल्यानं मला लांबून पाहिलं. रिकामी पाटी डोक्यावर घेतली, पायरीवर टेकला आणि ओरडला, "बसतो जरा!" सगळा बाजार हसला. तीन सिनेमे केले आपण, पण लोकांना तेवढंच आठवतं. मीही मान डोलावून दाखवली. आणि तू नेमकं आत्ताच हसवणं सोडतेस?

तुझं काही बिनसलंय का? लहानपणी पडलीस की तू आधी हसायचीस आणि मग कोणी बघत नाहीसं पाहून रडायचीस. आता उलटं का? ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी तिची आई आहे, मला काय सांगते ती!" मला सांग. पण ते आराम कर, जिने चढू नकोस वगैरे लिहू नकोस. ते सांगायला घरात एक माणूस आहे.

मामा


१९ मार्च

मामा,

कानांचा काही संबंध नाही. खरं कारण लिहिणार नव्हते, पण तू भलतंच मनाला लावून घेतलंस.

गेल्या महिन्यात एका फिल्म क्लबनं आपला तिसरा सिनेमा लावला होता. हॉल भरला म्हणून मला पार पहिल्या रांगेत बसवलं. मी आपले सिनेमे नेहमी मागे उभी राहून बघते, पडद्याकडे कमी आणि लोकांच्या डोक्यांकडे जास्त. इतक्या जवळून तुझा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

तो शॉट आला. सगळ्यांशी भांडलेला सोसायटीचा सेक्रेटरी एकटाच सभेच्या खुर्च्या वर नेतोय. चौथी खुर्ची डोक्यावर. मी लिहिलं होतं की त्यानं वर पोचून भाषण करायचं. तू मध्येच थांबलास. खुर्ची डोक्यावर तशीच ठेवून पायरीवर बसलास, कठडा चाचपलास, तोंड उघडलंस, मिटलंस आणि म्हणालास, "बसतो जरा." सबंध हॉल हशानं कोसळला. माझ्या मागचा एक माणूस तर हसून हसून खोकायला लागला.

आणि मी पाहिलं की तुझे ओठ निळसर आहेत. कपाळावर घाम आहे. त्या दिवशी आपण तुला घामाचा मेकअप केलेला नव्हता. तुझा डावा हात खुर्चीला लागलेलाच नव्हता, तो छातीशी होता.

घरी येऊन न कापलेली फिल्म काढली. मी "कट" म्हणते त्यानंतरही कॅमेरा चालू आहे, कारण कॅमेरावालीला हसू आवरत नाहीये, सगळं चित्र गदगदा हलतंय. माझं हसणं त्यात सगळ्यांत मोठं आहे. तू आमच्याकडे बघतोस, बराच वेळ नुसता बघतोस. आणि मग तूही हसतोस.

मामा, त्या जिन्यावर तुला काय झालं होतं?

मला आता विनोदी काही सुचत नाही. लिहायला बसले की तो हॉल ऐकू येतो. नवा सिनेमा त्याच्यावरच आहे. एका इमारतीत सगळ्यांना हसवणारा एक माणूस असतो. एके दिवशी तो जिन्यावर कोसळतो. लोकांना वाटतं, ही त्याची नेहमीची नक्कल. ते हसतात. तो उठत नाही.

डॉक्टरकडे जा. उद्याच.

खारूताई


२४ मार्च

चि. दिग्दर्शिका बाईंना,

त्याला अभिनय म्हणतात. इतकी वर्षं या धंद्यात असून तुला ओळखू येऊ नये, म्हणजे कमाल आहे.

माझ्या उभ्या आयुष्यात एक शॉट असा झाला की लोक रस्त्यात थांबवून दाखवतात, आणि तू म्हणतेस तो आजार होता? मग बाकीच्या वेळी मी बरा होतो म्हणून वाईट काम केलं का? घाम आला कारण खुर्ची लाकडी होती. ओठांचं म्हणशील तर तुमच्या त्या लाइटमध्ये सगळेच निळे दिसत होते. कॅमेरावाली तर मला सदैव निळीच दिसते.

तुला गंभीर सिनेमा करायचा तर खुशाल कर. मोठे लोक करतात, बक्षिसं मिळतात. पण त्यासाठी मला आजारी पाडू नकोस.

आणि यातलं एक अक्षर मामीच्या कानावर घालायचं नाही. ती आधीच माझ्या ताटातलं मीठ मोजते.

मामा


२७ मार्च

मामा,

माझ्या प्रश्नाला तू "नाही" म्हणालेला नाहीस. मी तुझं पत्र चार वेळा वाचलं. खुर्ची आहे, लाइट आहे, कॅमेरावाली आहे, "नाही" कुठेच नाही.

मी मामीला लिहितेय. तुझ्या पत्राबरोबरच टपालात टाकतेय, म्हणजे तुला लपवायला वेळ मिळणार नाही. राग आला तर येऊ दे.

खारूताई


२० एप्रिल

खारूस,

मला पत्र लिहायची सवय नाही. फोनवर बोलायला लागले की रडू येतं आणि हे समोरच असतात, म्हणून लिहिते.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी ह्यांना काही विचारलं नाही. हे अंघोळीला गेले तशी मी किल्ली घेऊन दुकानात गेले. तिथे खालच्या कप्प्यात चष्म्यांची जुनी घरं असतात. एकेक उघडलं. चष्मा, चष्मा, चष्मा आणि मग गोळ्या. घरी आले आणि ते घर ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. हे म्हणाले, "नंबर चुकलाय." मी हसले नाही. मग ह्यांनी सगळं सांगितलं.

त्या शॉटच्या दुसऱ्या दिवशीच हे एकटे डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की झटका येऊन गेलाय, मोठ्या दवाखान्यात दाखवा. ह्यांनी फक्त गोळ्या घेतल्या. का, तर तुझा सिनेमा अर्धा राहील आणि पुढच्या वेळी तू घ्यायची नाहीस. माझा विचार त्यांच्या मनात आला की नाही ते मी विचारलं नाही. खोटं उत्तर ऐकायचं नव्हतं.

बायपास झाली. आता घरी आहेत. तू येऊन गेलीस, दोन दिवस बसलीस, पण ह्यांच्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून आता सांगते. मला तुझा राग आला होता. तुझा आणि सगळ्यांचाच. पण तो सिनेमा इथे लागला तेव्हा थिएटरात मीही होते गं. त्या जागी मी सगळ्यांपेक्षा जास्त हसले होते. रुमाल तोंडात धरून. माझ्या माणसाचा जीव चालला होता आणि मी शेजारणीला कोपरानं ढोसत होते, बघ बघ म्हणून. इतकी वर्षं संसार केला, पण मलाही नाही ओळखता आलं. तुला कसं यावं?

तो शॉट काढून टाकता आला तर काढ. मला बाजारातून जाववत नाही.

परत येशील तेव्हा लांब तोंड करून येऊ नकोस. ह्यांना ते आवडत नाही. तू गेल्यावर उशीखाली तुझ्या सिनेमाचे कागद सापडले. तू विसरलीस की ह्यांनी मागून घेतले, ते देव जाणे. चष्मा लावून वाचत बसलेत. मी काढून घेत नाही. तेवढा वेळ तरी पडून राहतात.

मामी


१५ मे

खारूताई,

आता मी कापून पुन्हा शिवलेला माणूस आहे, तेव्हा माझ्याशी जपून बोलायचं. डॉक्टर म्हणतात छान चालू आहे. मामी म्हणते डॉक्टरांना काय कळतं.

तुझे कागद मीच ठेवून घेतले होते. तू मामीशी बोलत होतीस तेव्हा. दोनदा वाचले. पडणारा माणूस तू मला पाहून लिहिलास, ते कळलं. चांगला लिहिलायस, माझ्याहून बराच हुशार आहे. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मला समोरच्या बिऱ्हाडातल्या शेजाऱ्याबद्दल बोलायचंय. जो सगळ्यांत जास्त वेळ हसतो आणि त्याला ओलांडून वर जातो. तो तू कसा लिहिलायस? भाडेकरूंना छळतो, बायकोवर ओरडतो आणि पहिल्याच पानावर मांजराला लाथ मारतो. अगं, असा माणूस हसला तर लोक म्हणतील, हा नालायकच होता. आणि निर्धास्त घरी जातील. तुला त्यांना असं सोडायचंय का?

लाथ काढून टाक. तो चांगला माणूस असू दे. पडणाऱ्याचा पेपर रोज सकाळी वर आणून देणारा. त्याच्या विनोदांवर मनापासून जीव असणारा. तो हसतो, कारण त्याला तो माणूस आवडतो. तुझी मामी दुष्ट आहे का? तुझी कॅमेरावाली दुष्ट आहे का? तू?

आता मुद्द्याचं. हे काम मला दे. पडण्याचं नको, ते मी एकदा केलंय, फुकटात. हसण्याचं दे.

मामा


२२ मे

मामा,

मांजर काढलं. तुझं म्हणणं आम्ही चौघांनी वाचलं. मग एडिटर म्हणाला, "हे आपल्याला का सुचलं नाही?" शेजारी नव्यानं लिहितेय. तो आता रोज पेपर आणून देतो.

पण काम देणार नाही. शेजाऱ्यासाठी एक नट ठरलाय, नाटकातला, हडकुळा, खोल डोळ्यांचा. आणि तुला टाके पडून अजून दोन महिनेही झाले नाहीत.

टाके हेही पूर्ण कारण नाही. तू एवढं सरळ लिहिलंस तर मीही लिहिते. तुझ्यावर कॅमेरा धरायची मला भीती वाटते. तू जांभई दिलीस तरी मी तुझे ओठ बघत बसेन. माझ्या हातून शॉट होणार नाही. आणि जिन्यावर पडलेल्या माणसाकडे बघून हस, असं मी तुला सांगायचं? नाही जमणार.

खारूताई


१ जून

खारूताई,

हडकुळा आणि खोल डोळ्यांचा? मग मांजर कशाला काढलंस? त्याला पाहिल्याबरोबर लोक आपापली मांजरं घरात घेतील.

लोक मला पाहिलं की हसायलाच लागतात. मी काही करायच्या आधीच. हीच तुझी खरी गरज आहे. मी हसलो की ते माझ्याबरोबर हसतील. आणि मग त्यांचं त्यांना कळेल, आपण कशाला हसलो ते. हे त्या बिचाऱ्या नटाच्यानं व्हायचं नाही. त्याला पडायचं काम दे. हडकुळा आहे, उचलायलाही सोपा.

आता जे मी मामीलाही सांगितलेलं नाही ते सांगतो.

त्या दिवशी पायरीवर बसलो तेव्हा छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं. तुला हाक मारायची होती. "खारे, थांब" असं म्हणायचं होतं, आणि तोंडातून "बसतो जरा" आलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. समोर तुम्ही सगळे. मला तेव्हा नीट ऐकू येत नव्हतं, पण तुमची तोंडं दिसत होती. तुम्ही पोट धरून हसत होतात. आणि मला वाटलं, हे हसतायत, म्हणजे आपल्याला काही झालेलं नाही. माणूस मरत असता तर घरचीच पोरगी अशी हसली असती का? इतका धीर आला मला! त्या धीरावर मी उठलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं, तेव्हाही तुमचे तेच चेहरे आठवले आणि म्हटलं, छे, एवढं काही नसणार.

म्हणजे तुमच्या हसण्यानं मी उठलो, आणि तुमच्या हसण्यानंच घरी बसलो. दोन्ही खरं आहे. तू यातलं एकच धरून बसली आहेस आणि स्वतःला खातेस. तुझा सिनेमाही तसाच एका बाजूला झुकलाय. दुसरी बाजू मला माहीत आहे. म्हणून काम माग‌तोय, हौस म्हणून नाही. बरं, थोडी हौसही आहे.

ओठ बघत बसेन म्हणतेस ना? बस बघत. या वेळी कोणीतरी बघत असलेलं बरं.

डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यानंतर बारीकसारीक काम करायला हरकत नाही. मामीच्या अटी: ती बरोबर येणार, शूटिंग तळमजल्याच्या जिन्यावर, आणि खुर्ची एकच, ती बसायची. जुना शॉट काढ असं तिनं तुला लिहिलं होतं, ते मला समजलं. काढू नकोस. तो माझा आहे.

मामा


९ नोव्हेंबर

मामी,

आम्ही सिनेमा कापायला बसलोय. शेवटच्या दिवशी मामाचा हसण्याचा शॉट सुरू झाला आणि तू बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलीस. आत काय झालं ते मामानं तुला सांगितलं नसेलच. तो म्हणाला असेल, "झालं एकदाचं."

पहिल्यांदा हसला ते घशातून. खोटं. दुसऱ्यांदाही. मला वाटलं, आपणच त्याला नको त्या जागी उभं केलं. मी थांबूया म्हणणार, तेवढ्यात तो त्या हडकुळ्या नटाजवळ जाऊन बसला. म्हणाला, "तुला कुठे दुखतं का रे? खरं?" नट म्हणाला, "कंबर. गेले दोन महिने." मामा म्हणाला, "मग दुखतं तेव्हा जसं तोंड होतं, तसं करून दाखव. लाजू नकोस."

पुन्हा कॅमेरा लावला. नट कोसळला आणि त्यानं ते तोंड केलं. कंबरदुखीचं, खरोखरचं. आणि मामा हसून फुटला. मामी, आपल्या घरात जेवताना फुटतो ना, ताट सरकवून, तस्सा. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळे पुसत. "अरे बास, बास" म्हणत. आमच्यातलं कोणीही हसत नव्हतं. कॅमेरावालीचा हात या वेळी जराही हलला नाही. मी "कट" म्हटलं नाही, कॅमेरा चालूच ठेवला.

मग तो निघाला. हसतहसतच. नटाचा हात पायरीवर पसरलेला होता. मामानं त्याला ओलांडताना पाय अगदी जपून उचलला, त्या हातावर पडू नये म्हणून. हे मी लिहिलेलं नव्हतं. वरच्या वळणापर्यंत त्याचं हसणं ऐकू येत राहिलं. ते जपून उचललेलं पाऊल मी रोज बघते. एवढी काळजी घेतो तो माणूस आणि तरी त्याला काही कळत नाही. मला जे सांगायचं होतं ते मला लिहिता आलं नाही, ते त्याच्या पायानं सांगितलं.

नंतर विचारलं तर म्हणाला, "दुखणाऱ्या माणसाचं तोंड विनोदीच दिसतं गं. त्याला मी काय करू?"

अजून एक. शॉट झाल्यावर तो खाली आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "थांबा, मला धाप लागलीय." साधं, सरळ. सगळं काम थांबलं. पाणी दिलं, खुर्ची दिली, नाडी पाहिली. काही नव्हतं, नुसती धाप होती. पण तो बोलला, मामी. तुला हे कळावं म्हणून पत्र लिहिलं.

खारू


१८ फेब्रुवारी

खारूताई,

काल आपला सिनेमा इथे लागला. तू तुझ्या दुसऱ्या गावच्या खेळाला गेलीस ते बरंच झालं. इथे असतीस तर पुन्हा मागे उभी राहून लोकांची डोकी मोजली असतीस. तुझ्या वतीनं मी मोजली.

मी आणि मामी मधल्या रांगेत बसलो. मी हॉलमध्ये शिरलो तेव्हाच दोघातिघांनी मागून "बसतो जरा!" केलं. मी हात केला. त्यांना पोस्टर पाहूनही काही कळलेलं नव्हतं. पडद्यावर मी पेपर घेऊन आलो आणि हॉल हसला. मी काहीच केलं नव्हतं गं, पेपर घेऊन आलो होतो. मग तो हडकुळा पडला, मी हसायला लागलो, आणि सगळे माझ्याबरोबर हसले. मोठ्यानं. मामीनं माझा हात धरला.

मी हसतच राहिलो. तू फारच लांबवलायस तो शॉट. मला वाटलं, आता कापेल, आता कापेल. मग यंत्रात शिट्टी वाजली म्हणून मी ते कानातून काढलं, आणि आजूबाजूला पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एकाचं तोंड अजून हसरं होतं, पण डोळे हसत नव्हते. त्याच्या शेजारणीनं तोंडावर हात ठेवला होता. मी पडद्यावर त्या पोराला ओलांडून वर गेलो तेव्हा एकसुद्धा खांदा हलत नव्हता. माझ्याकडे बघून कोणी हसत नाही असं पहिल्यांदाच झालं. खोटं नाही सांगत, वाईट वाटलं. आपण कमावलेलं सगळं एका शॉटमध्ये घालवलं, असं वाटलं. मामी रडत होती, पण ते तिला आवडल्याचं रडणं होतं. तिनंच घरी येऊन सांगितलं.

दिवे लागले तरी लोक बसून होते. आम्ही उठलो तशी वाट करून दिली. कोणी नक्कल केली नाही, कोणी टाळी दिली नाही.

बाहेर पायऱ्या आहेत, रुंद, चांगल्या उजेडाच्या. मामी पुढे उतरत होती. मागून कोणीतरी येऊन माझा दंड धरला. पाहिलं तर ओळखीचा नव्हता. चाळिशीचा असेल, ऑफिसातून थेट आलेला, खांद्याला पिशवी. मी त्याला सांगणार होतो, "अहो, मी धडधाकट आहे. पडला तो दुसरा, मी नुसता हसलो." पण तो माझ्या पायांकडे बघत होता, मी पाऊल नीट टाकतोय ना ते. म्हणून मी त्याच्या चालीनं चाललो. एकेक पायरी उतरलो. खाली रस्त्यावर आलो तरी त्यानं दंड सोडला नाही, आणि मीही घाई केली नाही.

मामा